टॅल्बट एक्सप्रेस मोटरहोम, 1.9 डिझेल: टायमिंग बेल्टच्या कामाची नोंद

गाडी मोटरहोम, म्हणजे व्हॅनच्या चेसिसवर चढवलेलं फिरतं घर. ही टॅल्बट एक्सप्रेस व्हॅनवर बांधलेली. फियाट डुकाटो, पूझो जे5 आणि सिट्रोएन सी25 ही तिची सख्खी भावंडं. 1981पासून सगळी इटलीतल्या आतेस्साच्या एकाच कारखान्यात बनायची. इंजिन पूझोचं एक्सयूडी9, 1905 सीसी, बिनटर्बोचं. टायमिंग बेल्ट म्हणजे क्रँकशाफ्ट (पिस्टनमुळे फिरणारा खालचा दांडा), कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा वरचा दांडा) आणि डिझेल पंप यांना एका तालात फिरवणारा दातेरी पट्टा. आधीच्या बेल्टची पावती नाही, म्हणजे बेल्ट संपला असंच धरायचं.

मोटरहोमच्या बाबतीत किलोमीटर बघून बेल्ट ठरवू नये. गाडी वर्षातले आठ-दहा महिने उभी असते. मीटर हलत नाही, पण रबर म्हातारं होतंच, आणि बेल्ट महिनोन्महिने त्याच पुल्यांवर त्याच जागी वाकून बसतो. पाच-सहा वर्षं झाली की बदलावा, मीटर काहीही सांगो. बेल्ट तुटला तर या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात, मग नुसत्या बेल्टवर भागत नाही, हेड (व्हॉल्व्ह बसलेला इंजिनाचा वरचा भाग) उतरवावं लागतं.

सामान

बेल्ट, टेन्शनर रोलर (बेल्टला ताण देणारा), आयडलर रोलर (बेल्टला नुसती वाट देणारा), वॉटर पंप आणि त्याचं गॅस्केट, कॅमशाफ्ट आणि क्रँकशाफ्टची पुढची ऑइल सील, ऑल्टरनेटरचा बेल्ट, कूलंट. वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो. आज तो चांगला दिसला म्हणून ठेवला आणि वर्षभरात पाझरायला लागला, तर हेच सगळं पुन्हा उघडायचं.

ऑर्डर इंजिन नंबरवरून द्या, नोंदणीच्या वर्षावरून नको. चेसिस आधी बनते, घर मागून चढतं, नोंदणी त्याहून उशिरा. आणि मधल्या काळात एक्सयूडीचा टेन्शनर बदलला: जुन्याला स्प्रिंग आहे, नंतरच्याला नाही आणि त्याचा ताण मापक लावून ठरवावा लागतो. इथे स्प्रिंगवाला आहे. नवा बेल्ट जुन्याशेजारी ठेवून दात मोजा, रुंदी आणि दातांचा आकार ताडून पाहा. मोजताना बेल्ट पिळू किंवा दुमडू नका, आतल्या दोऱ्या मोडतात आणि वरून काही दिसत नाही.

टायमिंग धरायला, म्हणजे क्रँक, कॅम आणि डिझेल पंप योग्य जागी अडकवून ठेवायला, खास हत्यार लागत नाही. 8 मिमीची सळी (त्याच मापाच्या ड्रिलची दांडी चालते) आणि साधारण 40 मिमी लांबीचे तीन एम8 बोल्ट, बस.

पहिला दिवस: उघडणं

पाण्याची टाकी रिकामी केली. 60 लिटरची टाकी म्हणजे 60 किलो, जॅकवर हे ओझं कशाला? स्वयंपाकाचा गॅस बंद. बॅटऱ्या दोन आहेत, इंजिनाची आणि घराची, दोन्हींच्या निगेटिव्ह तारा काढल्या. उजवं पुढचं चाक आणि आतलं प्लास्टिक काढलं की क्रँक पुली समोर येते. वजन स्टँडवर, नुसत्या जॅकवर कधीच नाही. इंजिन माउंट सोडताना सम्पखाली (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याखाली) लाकडी फळी देऊन दुसरा जॅक लावला.

हीटर प्लग काढले. कॉम्प्रेशन 23 पटींच्या आसपास असल्याने प्लग जागेवर ठेवून इंजिन हाताने फिरवणं म्हणजे झटापट, आणि झटक्यात टायमिंगचं भोक पुढे निघून जातं.

सर्वात चिवट बोल्ट क्रँक पुलीचा. इथे बऱ्याच जणांची चूक होते: फ्लायव्हीलमध्ये 8 मिमीची सळी घालून तिच्याच जोरावर हा बोल्ट सोडतात. ती सळी जागा दाखवण्यासाठी आहे, जोर झेलण्यासाठी नाही. ती वाकते किंवा आतच तुटते. फ्लायव्हीलचे दातच अडवायचे. पुली निघाल्यावर क्रँकवरची चावी (पुली घसरू न देणारा लोखंडी तुकडा) आणि तिची खाच तपासली. खाच रुंदावली असेल तर बोल्ट आधी कधीतरी सैल राहिलेला असतो.

टायमिंग धरणं

सळीचं भोक ब्लॉकच्या डाव्या कडेला, स्टार्टरजवळ. दिसत नाही, बोटांनी शोधावं लागतं. सळी हलकी दाबून धरायची आणि क्रँक हळूहळू फिरवायचा. भोक समोर आलं की सळी टक् करून आत बसते. मग कॅम स्प्रॉकेटमधून (कॅमच्या दातेरी चाकातून) एक एम8 आणि डिझेल पंपाच्या स्प्रॉकेटमधून दोन, हातानेच पिळायचे, पान्याने नाही. सळी बसली पण कॅमचं भोक जुळत नसेल तर क्रँकचा आणखी एक पूर्ण फेरा हवा, कारण क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक.

डिझेल पंपाचे बोल्ट टाळू नका. बेल्ट निघाला की पंपाचं स्प्रॉकेट आतल्या स्प्रिंगच्या जोराने स्वतःहून सटकतं.

(भारतात झेन डिझेल किंवा एस्टीम डिझेलवर ज्यांनी हात चालवला असेल त्यांना हे ओळखीचं वाटेल. त्यांचं टीयूडी5 याच पूझोचं, फक्त फ्लायव्हीलची सळी 6 मिमी.)

दुसरा दिवस: नवा बेल्ट

सील आणि वॉटर पंप बसवून सगळी स्प्रॉकेट कोरडी पुसली. बेल्टला तेल किंवा कूलंट लागता कामा नये. टेन्शनर स्प्रिंगविरुद्ध मागे ढकलून बोल्टने अडकवला.

क्रम असा: क्रँक, आयडलर, डिझेल पंप, कॅम, टेन्शनर, शेवटी वॉटर पंप. बाण असेल तर फिरण्याच्या दिशेने. खरी कसरत पंप ते कॅममध्ये. पंपाच्या स्प्रॉकेटवर बेल्ट पूर्ण ढकलला तर कॅमवर चढत नाही आणि ओढाताणीत क्रँककडे एक दात सुटतो. म्हणून पंपावर अर्ध्याच रुंदीने चढवायचा, ताण न सोडता कॅमवर न्यायचा, मग दोन्हीवर एकदम आत सारायचा. क्रँक ते पंप ते कॅम ही बाजू सारंगीच्या तारेसारखी ताठ हवी, सैलपणा सगळा टेन्शनरकडे.

आता तिन्ही बोल्ट आणि सळी बाहेर. (सळी विसरून स्टार्टर मारला तर काय होतं ते लिहायला नको.) टेन्शनर हळूच सोडला, रोलर बेल्टला टेकला, बोल्ट आणि नट कसले. क्रँक घड्याळाच्या दिशेने पूर्ण दोन फेरे. भोकापुढे गेलात तर मागे फिरवू नका, आणखी दोन फेरे द्या. मागे फिरवलं की ताठ बाजू ढिली पडते. मग टेन्शनर पुन्हा सैल करून स्प्रिंगला तिचं काम करू दिलं आणि कायमचा घट्ट केला.

पुन्हा सळी, पुन्हा तिन्ही बोल्ट. सगळे बोटांनी सरळ गेले. एकही बोल्ट तिरका जात असेल तर जोर लावू नका, बेल्ट उतरवून पहिल्यापासून बसवा. डिझेल पंप एक दात मागे राहिला तर गाडी उशिरा सुरू होते आणि पांढरा धूर सोडते, पुढे गेला तर ठोके मारते.

पुलीच्या बोल्टचे आटे साफ करून थ्रेडलॉकचा थेंब दिला. या बोल्टचा टॉर्क सगळ्या एक्सयूडींना सारखा नाही, म्हणून तोही इंजिन नंबरप्रमाणेच घ्या.

सध्याची स्थिती

इंजिन दुसऱ्या सेल्फला सुरू. डिझेलची लाइन उघडली नव्हती, त्यामुळे तिची हवा काढायची गरज नव्हती. कूलंटची हवा मात्र हीटर पूर्ण उघडून, ब्लीड स्क्रूमधून बुडबुडे थांबेपर्यंत काढली. वॉटर पंपाखाली कोरडं आहे. बाकी: ऑल्टरनेटर बेल्ट 100 किलोमीटरनंतर पुन्हा ताणणं, आणि कव्हरवर तारीख आणि मीटर रंगाने लिहिणं.