सारंगखेडा ते फलटण : घोडी आणायची असेल तर गाडीत आधी स्वतः उभे राहा

"पेलाभर पाणी ठेवा, हलणार नाही भाऊ," असं म्हणून ज्याने मला घोड्याचा ट्रेलर भाड्याने दिला, त्याच्या ट्रेलरमधली पाण्याची बादली दोंडाईचा यायच्या आत कलंडली होती. मला ते फार उशिरा कळलं. कारण मी पुढच्या गाडीत बसून चहा पीत होतो.

दत्तजयंतीची सारंगखेड्याची यात्रा, एकमुखी दत्त, तापीकाठचा घोडेबाजार यावर भरपूर लिहिलं गेलंय, मी लिहीत नाही. घोडी बघायची कशी तेही सांगत नाही, तुम्हाला येत असेल तरच तिकडे जा. मी लिहितोय ते परतीच्या पावणेपाचशे किलोमीटरबद्दल. आम्ही चौघांनी घोडीच्या अंगावरचे केसांचे भोवरे बघण्यात दोन तास घातले. देवमण, म्हणजे गळ्यावरचा शुभ मानला जाणारा भोवरा, आहे का, पाठीवर काही खोट आहे का, कपाळावरचा टिळा सरळ उतरतो का, सगळं पाहिलं. ट्रेलर पाहिला पाच मिनिटं. त्यातली चार मिनिटं आतली लाल रेक्झिनची गादी दाबून बघण्यात गेली.

ती गादीच फसवते. भिंतीला चार इंच गादी असली म्हणजे घोड्याचा प्रवास सुखाचा होतो असं नाही. घोडा भिंतीला टेकून उभा राहत नाही, तो चार पायांवर उभा राहतो आणि धक्का खालून येतो. म्हणजे बघायचं ते खाली वाकून. मी वाकलो ते शिर्डीपुढच्या कोल्हारला, रात्री साडेआठला, मोबाईलच्या उजेडात. चाकांचा एकच आस (ॲक्सल), जीपला असतात तसे जाडजूड पाटे आणि शॉकअप नावालाही नाहीत. असे पाटे दीड-दोन टन माल धरून बसवलेले असतात. त्यावर पावणेचारशे किलोची एकटी घोडी उभी केली तर ते दबतच नाहीत, प्रत्येक खड्डा जसाच्या तसा वर पोचवतात. टायरमध्ये हवाही मालाच्या हिशेबाने ठासून भरलेली. जोडणीचा गोळा इतका झिजलेला की हाताने हलवला तरी खडखड वाजत होता. म्हणजे ब्रेक मारला की एक हिसका आणि गाडी सुटली की दुसरा.

परदेशातले घोड्यांचे ट्रेलर बहुतेक दोन आसांचे आणि रबरी टॉर्शनवर, म्हणजे धक्का रबरात जिरवणाऱ्या सस्पेन्शनवर असतात. एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसरं सावरतं. एका आसाचा ट्रेलर तराजूसारखा पुढेमागे डुलतो. तुम्हाला दोन आसांचा, मऊ सस्पेन्शनचा, जोडल्यावर जमिनीला समांतर राहणारा ट्रेलर मिळाला तर जरूर घ्या. नाक वर करून चालणारा घेऊ नका, घोडी सगळा वेळ मागच्या दांड्यावर रेलून राहते. आमच्या घोडीच्या शेपटीचे केस मुळाशी असेच घासून गेले.

निघायचं ठरलं होतं पहाटे पाचला, निघालो नऊला, कारण घोडी चढेना. घोडी सांभाळणाऱ्या मोतद्दार मामांनी तोबरा दाखवला, पाठीमागून दोर लावला, शेवटी डोळ्यांवर पंचा बांधून चढवली. धुळे, मालेगाव, महामार्ग चांगला, सांगण्यासारखं काही नाही. इतकंच की बस शेजारून गेली की ट्रेलर डुलायचा आणि ड्रायव्हर म्हणायचा, "वारं आहे."

मनमाड सोडलं आणि संकट सुरू झालं. मनमाड-नगर रस्त्याची कीर्ती आख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे. मलाही होती, तरी गेलो, हा माझा गाढवपणा. कोपरगावला दिवस मावळला. पुढे शिर्डीची गर्दी, त्यापुढे अंधार, धूळ, अर्धवट खोदलेल्या बाजू आणि उसाचे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर. मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. डिसेंबरात कारखाने चालू असतात, हे साताऱ्याकडच्या माणसाने विसरायला नको होतं. शिर्डीच्या पुढे आतून लाथांचा आवाज येऊ लागला. मी गाडी थांबवली आणि डिझेल पंपापासून पुढच्या ढाब्यापर्यंत स्वतः आत उभा राहिलो. हे कायद्यात बसत नाही, करू नका, करायचं तर घरून निघायच्या आधी मोकळ्या रस्त्यावर करा. अर्धा किलोमीटर असेल. छातीचा दांडा दोन्ही हातांनी धरूनही माझे गुडघे लटपटले, चेकर पत्र्यावरचा पातळ रबर सरकत होता, आणि घोडीने मागचे पाय इतके फाकवले होते की पोट जवळजवळ खाली आलेलं. नाल मारलेल्या पायांना तिथे धरायला काहीच नव्हतं. दर खड्ड्याला ती डोळे मिटत होती. ते मी विसरणार नाही.

कोल्हारला तिला उतरवलं ते पुन्हा त्या ट्रेलरात चढवायचं नाही असं ठरवूनच. तिथे भाड्याचं भांडण. बोलणं झालं होतं बावीस रुपये किलोमीटर. मी धरलं होतं एका बाजूचं, मालक म्हणाला जाऊन-येऊन. शिवाय चढाई-उतराई 2,000, रात्रीचा मुक्काम 1,500, ट्रेलर धुवायचे 800. म्हणजे अर्ध्या वाटेत सोडूनही जवळपास सोळा हजार. तासभर आवाज चढवून चौदा हजारांवर मिटलं. तेव्हा "जाऊन-येऊन की एका बाजूचं" हे पहिल्याच वाक्यात विचारा आणि व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. धुलाईचे पैसे तर अजिबात देऊ नका.

रात्र ओळखीच्यांच्या गोठ्यात काढली. सकाळी कांदा टाकून रिकामी परतणारी चौदा फुटी आयशर मिळाली. मोतद्दार मामा म्हणाले, तळाला वाळू टाका. ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, वाळू सोडून काहीही टाका, रस्त्यात कोणी धरलं तर पावती कुठून आणू? बरोबर होतं त्याचं. मग बांधकामाच्या दुकानातून अर्धा ब्रास कच, म्हणजे खडीचा चुरा, घेतली, पक्क्या बिलासकट. ती सहा इंच पसरली, वर उसाचं पाचट अंथरलं. या एका गोष्टीने दोन कामं होतात. पायाखाली मऊ आणि न घसरणारी जागा मिळते, आणि दोन टनांच्या आसपास वजन पडल्यामुळे गाडीचे पाटे दबून नीट काम करू लागतात. रिकामा ट्रक उडतो आणि भरलेला झुलतो, एवढं साधं आहे. हे मला पन्नाशीत कळलं.

चढवायला रॅम्प नव्हता. ड्रायव्हरने गाडी शेताच्या बांधाला मागे लावली, फाळका बांधावर टेकवला, आणि पहाटेपर्यंत थरथरणारी घोडी मामांच्या मागे चालत आत गेली. उंचवटा शोधा, जबरदस्तीपेक्षा तो बरा.

उभी कुठे करायची हे फार महत्त्वाचं. मागच्या चाकांच्या मागे कधीच नाही. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसलेल्याला कारण सांगावं लागत नाही. आम्ही तिला चाकांच्या पुढे, केबिनकडे, तोंड डावीकडे करून उभी केली. जनावरांच्या वाहतुकीचे 1978 चे केंद्राचे नियम हेच सांगतात : तोंड डावीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांपासून दूर, दोन घोड्यांच्या मध्ये निदान 8 सेंटिमीटर जाडीचा बांबू, मागे दोन भक्कम दांडे, सोबत एक माणूस, आणि वेग ताशी 35 किलोमीटरपेक्षा जास्त नाही. पस्तीस ऐकून ट्रेलरवाला हसला होता. आयशरवाल्याने पस्तीस-चाळीस पाळलं आणि घोडी वाटेत वैरण खात होती. जनावरांच्या डॉक्टरचा दाखला आणि खरेदीची पावती वरच्या खिशात ठेवा. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी झालेली असेल तर तो कागदही.

मोरकी आखूड बांधू नका. ट्रेलरवाल्याने तिचं तोंड वर ताणून बांधलं होतं, "म्हणजे चावत नाही." घोड्याला मान खाली घालता आली नाही तर नाका-घशातली धूळ आणि शेंबूड बाहेर पडत नाही आणि लांबच्या प्रवासात फुप्फुसाचा ताप चढू शकतो. मान गुडघ्यापर्यंत जाईल इतका दोर सोडा, पण पाय अडकेल इतका नाही, आणि गाठ एका हिसक्यात सुटणारी मारा. दर तीन तासांनी थांबा, इंजिन बंद करा. पाणी घरचं किंवा सारंगखेड्याचंच भरून आणा, अनोळखी पाण्याला घोडी तोंड लावत नाही. आमची लावत नव्हती, शेवटी बादलीत थोडा गूळ कालवला.

राहुरी, नगर, दौंड, बारामती, फलटण. दिवस छान गेला.

पुढच्या वेळी मालेगावहून चांदवड, नाशिक, सिन्नर, संगमनेर करत पुण्याला आणि तिथून सासवड-लोणंदमार्गे येईन. लांब पडतं, चाकणची कोंडी आहे, दिवेघाट आहे, तरी. आणि एक आसाचा ट्रेलर फुकट दिला तरी नको. आयशरचे पडले 9,500, कचीचे अडीच हजार.

घरी आल्यावर तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप बघितला, 101 च्या पुढे गेला नाही. आठवडाभर खोगीर नाही, चंदी (दाणा) अर्धी. डाव्या मागच्या पायाची सूज चौथ्या दिवशी उतरली. कच उतरवून तिच्याच पागेत पसरलीय. शेपटीचे केस यायला मात्र पाडवा उजाडेल.