तीन चांगल्या गोष्टींची वही: नववा आठवडा

चवथीनंतर सुरू केलेल्या वहीला काल नऊ आठवडे झाले. रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीसमोर ‘का घडली’ तेही. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांचा २००५ सालचा हा प्रयोग तुम्हाला ठाऊक असेलच. लोकांनी आठवडाभर लिहिले, आनंदातली वाढ दिसली ती महिन्याभराने, आणि सहा महिन्यांनीही ती टिकून होती. माझेही पहिले तीन आठवडे कोरडेच गेले. मध्ये मी तीनाच्या पाच गोष्टी लिहून पाहिल्या, काही हाती लागले नाही.

मग एका आठवड्यात फक्त ‘का’चा रकाना सलग वाचला. गोष्टी रोज वेगळ्या, कारणे मात्र फिरून तीच: भजनाची तालीम, परततानाच्या गप्पा, पुरती झोप. तालीम चुकली त्या आठवड्यात नोंदी ‘चहा छान झाला’ एवढ्याच. मन लागत नाही म्हणून मी जात नाही, असे मला वाटायचे. मग कागदावर बाण काढले. तालीम उशिरा सुरू, म्हणून उशिरा संपते; फोंड्याची शेवटची बस चुकते; पुढच्या गुरुवारी दोघे-तिघे येत नाहीत; टाळकरी कमी, म्हणून वाट बघत सुरुवात आणखी उशिरा. फेरा पुरा! यात माझ्या मनाचा भाग केवढासा.

कागद बुवांना दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. “म्हणजे वाट बघितल्यानेच उशीर होतो रे,” म्हणाले. आता कोणी येवो न येवो, साडेसहाला पेटी उघडते. व्यवस्थांच्या अभ्यासक डोनेला मेडोज यांनी १९९९ मध्ये व्यवस्था बदलायला हात घालण्याच्या बारा जागा परिणामाच्या क्रमाने मांडल्या. आकडे त्यात सगळ्यांत खाली, नियम बरेच वर. माझे तीनाचे पाच करणे आठवले.

खाजनातली, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातली, मानस डोळ्यांसमोर येते; मानस म्हणजे बांधातले पाण्याचे दार. ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने दार उघडते, भरतीला बाहेरच्या रेट्याने मिटते. रोज कोणाला निर्धार करावा लागत नाही. साडेसहाची पेटी तशी व्हावी, एवढीच माझी इच्छा आहे.

तीन गुरुवार झाले. परवा अकरा जण होते, पखवाजासकट. बस सगळ्यांना मिळाली.

झोपेचा बाण मात्र अजून जुळत नाही. तालमीमुळे झोप लागते, की झोप झाली म्हणून तालमीला जातो? दोन्ही बाजूंनी काढून पाहिला. कोणी हा फेरा मांडला असेल तर दाखवा.