संग्रहालयात चेंबर म्युझिकची उन्हाळी मालिका बसवताना

संग्रहालयात मैफल ठरली की पहिली बैठक वादकांशी नव्हे, कॉन्झर्व्हेटरशी घ्यायची. वस्तूंच्या जतनाची जबाबदारी त्यांची असते आणि त्यांचा 'नाही' हा शेवटचा शब्द असतो. मॅसॅच्युसेट्समधल्या एका कलासंग्रहालयात जुलै-ऑगस्टमध्ये होणाऱ्या चेंबर म्युझिकच्या, म्हणजे मोजक्या वादकांच्या पाश्चात्त्य संगीताच्या, मालिकेची मांडणी आमच्या गटाकडे असते. त्या अनुभवातून सांगतो: कार्यक्रम, वादक, तिकिटं हे सगळं नंतर. आधी ठरवायचं ते दालनात माणसं किती बसवायची. श्रोत्यांमुळे आवाज सुधारतो आणि श्रोत्यांमुळेच वस्तूंना धोका वाढतो. आकडा या दोन्हींच्या मध्ये शोधावा लागतो.

आमचं दालन २० मीटर लांब, १२ रुंद, ७ उंच आहे, म्हणजे १,६८० घनमीटर. दगडी फरशी, गिलाव्याच्या भिंती, काचेची कपाटं. रिकामं असताना आवाज विरायला तीन सेकंद लागतात. ऑर्गनला हे शोभेल, स्ट्रिंग क्वार्टेटला, म्हणजे चार तंतुवाद्यांच्या संचाला, दीड सेकंदाच्या आसपास हवं. बसलेला माणूस कपड्यांसकट साधारण अर्धा चौरस मीटर शोषक पृष्ठभागाचं काम करतो. आवाज विरण्याचा वेळ काढणाऱ्या साबिनच्या सूत्रात १२० माणसं घातली की तीन सेकंदांचे १.८ होतात, ६० माणसांत मात्र सव्वादोनच्या खाली येत नाही. म्हणून दुपारच्या तालमीत आवाज घुमला तर घाबरून गालिचे अंथरायला जाऊ नये. पातळ गालिचा फक्त वरचे स्वर खातो. चेलोचा, म्हणजे व्हायोलिनच्या मोठ्या, खर्जातल्या भावंडाचा, घुमारा तसाच राहतो आणि व्हायोलिन मात्र मंद वाटायला लागतं. मागच्या भिंतीसमोर, भिंतीला न टेकवता, स्टँडवर जाड लोकरी पडदे उभे करा. त्यांचा खरा उपयोग होतो.

आता दुसरी बाजू. शांत बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता आणि तासाला ५० ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ सोडतो. लोक आत येऊन बसण्यापासून बाहेर पडेपर्यंत पावणेदोन तास धरले तर १२० जणांचं मिळून दहा लिटर पाणी हवेत जातं. २२ अंशांना आणि ५० टक्के आर्द्रतेला त्या अख्ख्या दालनाच्या हवेत जेमतेम सोळा लिटर पाणी असतं. एसी बंद ठेवला तर कागदावरचा हिशोब ८० टक्क्यांच्या वर जातो. भिंती थोडं शोषतात, पण लाकडी फलकावरचं चित्र किंवा हस्तिदंती पेटी तेवढ्यावर भरवसा ठेवू शकत नाही. आमची मर्यादा ५० टक्के, पाच वर किंवा पाच खाली.

म्हणून 'मैफलीपुरता एसी बंद करा, घरघर येते' ही वादकांची मागणी मान्य होत नाही. त्याऐवजी दुपारी तीनपर्यंत आर्द्रता ४६-४७वर आणून ठेवायची आणि पहिल्या स्वरापासून पंख्याचा वेग निम्मा करायचा. वेग निम्मा झाला की पंख्याचा आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, म्हणजे मंद लयीच्या भागातही तो खुपत नाही. ओल्या छत्र्या आणि रेनकोट बाहेरच ठेवायचे. दुहेरी दारांपैकी एका वेळी एकच उघडायचं. आर्द्रता सतत नोंदवणारे डेटा लॉगर दोन हवेत: एक प्रेक्षकांच्या मधोमध, दुसरा सर्वांत नाजूक कपाटाजवळ. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आकडा जागेवर आला नाही तर पुढच्या आठवड्यात खुर्च्या १०० करायच्या, तिकिटं कितीही मागितली जावोत.

लंडनच्या नॅशनल गॅलरीचा दाखला इथे नेहमी दिला जातो. १० ऑक्टोबर १९३९ रोजी पियानोवादक मायरा हेस यांनी तिथे दुपारच्या मैफली सुरू केल्या, एका शिलिंगात. १९४६ पर्यंत १,६९८ मैफली झाल्या. त्यांचं मोल मोठंच आहे, पण मांडणीसाठी तो दाखला उपयोगी नाही, कारण तेव्हा गॅलरीतली चित्रं युद्धामुळे बाहेर हलवलेली होती. बॉस्टनच्या गार्डनर संग्रहालयाचं उदाहरण आमच्या जास्त जवळचं. तिथे टेपेस्ट्री रूममध्ये, म्हणजे विणलेल्या भित्तिचित्रांच्या दालनात, मैफली होत, आणि जुन्या वास्तूवरचा ताण कमी करायला २०१२ मध्ये नव्या इमारतीत ३०० आसनांचं वेगळं सभागृह झालं. ज्यांच्याकडे असं सभागृह नाही, त्यांना मोजूनमापूनच चालावं लागतं.

खुर्च्या दहाच्या बारा ओळी, दोन ओळींत ९० सेंटिमीटर अंतर, मधे दीड मीटरची वाट. कपाटांपासून निदान दीड मीटर लांब. गादीच्या खुर्च्या भाड्याने आणू नका, गादीतून कसर आणि भुंगेरे येतात आणि टेपेस्ट्रीवर जातात. त्याच कारणाने ताजी फुलंही नाहीत, गुच्छ द्यायचा तर बाहेरच्या ओसरीत.

सगळ्यात दुर्लक्षित काम म्हणजे खडखडाटाची तपासणी. चेलोवादकाला आदल्या दिवशी अर्ध्या तासासाठी बोलवा. सर्वांत खालच्या सी पासून, म्हणजे ६५ हर्ट्झपासून, एकेक अर्धस्वर चढत दोन सप्तकं वाजवायला सांगा, प्रत्येक स्वर तीन-चार सेकंद, जोर लावून. तेवढ्यात दोघांनी टॉर्च घेऊन कपाटांमधून फिरायचं. बहुतेक वेळा वाजते ती वस्तू नव्हे, तर कुलपाची पट्टी, सैल लेबलाची चौकट किंवा खुंटीवर टेकलेली काचेची फळी. फळी आणि खुंटी यांच्यात सिलिकॉनचा पातळ तुकडा बसवला की आवाज थांबतो, अर्थात कपाट कॉन्झर्व्हेटरच उघडणार. अरुंद बुडाची भांडी मात्र आवाज न करता कंपनाने हळूहळू सरकतात. टॉर्चच्या तिरप्या उजेडात बुडाजवळची धूळ फाटलेली दिसली तर ओळखावं, आणि त्यांना मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचे ठिपके लावून घ्यावेत. एखाद्या स्वराला तरीही खडखडाट होतच असेल तर चेलो अर्धा मीटर सरकवून पाहा, पुष्कळदा तेवढं पुरतं.

चेलो ज्या टोकदार दांडीवर उभा राहतो ती अणी थेट फरशीवर नको. १८ मिलिमीटर प्लायवूडची फळी, खाली फेल्ट, वर खाच, आणि दोरीने खुर्चीच्या पायांना बांधलेली.

पियानो असेल तर खर्च आणि चिंता दोन्ही दुप्पट. स्टाइनवे बी हा ग्रँड पियानो २११ सेंटिमीटर लांब आणि साडेतीनशे किलोच्या आसपास असतो, आणि ते वजन तीन छोट्या चाकांवर येतं. जमिनीचा भार अभियंत्याकडून लेखी घ्या. पियानो एक दिवस आधी दालनात आला पाहिजे आणि ट्यूनिंगच्या वेळी एसी संध्याकाळच्याच मापावर हवा. आर्द्रता चढली की मधलं सप्तक आधी चढतं, म्हणून तालमीनंतर ट्यूनरला पुन्हा वीस मिनिटं द्या. एसीच्या खोलीत तंबोरा कसा हलतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हे जास्त सांगायला नको.

उजेडाचा पेच तारखेवर अवलंबून असतो. जलरंगांवर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त नको आणि वादकाला स्वरलिपीच्या कागदावर ३०० तरी हवेत. साडेसहाची मैफल पावणेआठला संपते. जुलैच्या सुरुवातीला बॉस्टनमध्ये सूर्य सव्वाआठनंतर मावळतो, तेव्हा छतातल्या झरोक्यांचा उजेड पुरतो. ऑगस्टच्या अखेरीस तो साडेसातच्या आधीच मावळतो आणि शेवटचा भाग अंधारात सापडतो. तेव्हा स्टँडवर झाकणाचे छोटे एलईडी दिवे लागतात. तालमीतच काळोख करून पाहा की त्यांचा झोत चित्रावर जात नाही ना.

मध्यंतर ठेवू नका. ७५ मिनिटांत हायडनचं एक क्वार्टेट (साधारण २२ मिनिटं) आणि ब्राम्सचं ऑपस ११५ क्लॅरिनेट क्विंटेट (पाच वादकांची रचना, सुमारे ३७) नीट बसतं. आमच्यासारख्या घुमणाऱ्या दालनात ब्राम्स खुलतो. मेंडेल्सनच्या ऑक्टेटचा (आठ वादकांच्या रचनेचा) स्केर्त्सो हा चपळ भाग मात्र १.८ सेकंदांत गढूळ होतो, आणि आठ वादकांना जागा दिली की खुर्च्यांची एक ओळ जाते. तो घ्यायचाच तर लय किंचित आवरायला वादकांना तालमीपूर्वीच सांगा.