पाण्यातून मातीत: पावसाळी बॅचचा अपडेट

झाडांचे कापलेले तुकडे, म्हणजे कटिंग्ज, मी आधी पाण्याच्या बाटल्यांत ठेवून मुळं फुटू देते आणि मग मातीत लावते; मागच्या वेळी ज्यांची मुळं दाखवली होती ती सगळी बॅच आता मातीत गेलीये. मनीप्लांट, सिंगोनियम, हार्टलीफ फिलोडेंड्रॉन, आणि शेजारच्या काकूंकडून मिळालेली मॉन्स्टेराची एक कटिंग. कोलियस पण आहे पण ते मी धरतच नाही, ते डांबरावर टाकलं तरी लागेल.

आधी मुळांच्या लांबीचं सांगते कारण दर वेळी त्यावरूनच वाद होतो. दीड-दोन इंच मूळ झालं आणि त्याला बाजूने बारीक फाटे फुटायला लागले की मी काढते, बाटलीभर गुंता व्हायची वाट बघत नाही. पाण्यात ऑक्सिजन कमी असतो त्यामुळे तिथे वाढलेल्या मुळांत हवेच्या पोकळ्या जास्त असतात, आणि मातीच्या कणांमधलं पाणी ओढायला जी बारीक मूळरोमं लागतात ती जवळपास नसतातच. मातीत गेल्यावर झाड नवे फाटे काढतं, त्यांच्यावर रोमं येतात, आणि तोवर पानांतून जेवढं पाणी उडतं तेवढं खालून पोचत नाही म्हणून कटिंग मान टाकते. या वेळी आखूड मुळांचा मनीप्लांट लगेच सावरला आणि ज्याची मुळं वीतभर झाली होती तो बरेच दिवस रुसून बसला. शिवाय लांब मुळं ठिसूळ, डब्यात (माझ्या कुंड्या म्हणजे डबेच) बसवताना कटकन मोडतात.

आता पुण्याचं. बहुतेक व्हिडिओंमध्ये सांगतात की पहिले दोन आठवडे माती सतत ओली ठेवा, वरून प्लॅस्टिकची पिशवी घाला, दमटपणा टिकवा. एप्रिलमध्ये हे बरोबर आहे, पारा 38-39 ला टेकलेला असतो आणि हवा इतकी कोरडी की दुपारपर्यंत डबा हलका होतो. पण जुलै-ऑगस्टमध्ये हवाच ओली असते, पानांतून पाणी कमी उडतं, माती आपण काही न करता तशीच राहते, त्यात पिशवी घातली की देठ कुजलाच म्हणून समजा. मी या बॅचला पिशवी घातली नाही. लावल्यावर एकदा भरपूर पाणी, नंतर फक्त डबा उचलून वजन बघायचं आणि हलका लागला तरच द्यायचं. अर्थात पुण्यातही सगळीकडे एकच पाऊस नाही, आमच्या वारज्यात दिवसभर पिरपिर चालू असते तेव्हा हडपसरवाली मैत्रीण ऊन पडलंय म्हणून फोटो पाठवते, तर तिने माझं बघून पाणी तोडू नये.

पान लोंबलं की लोक पहिलं पाणी ओततात. माती ओली असताना पान लोंबत असेल तर पाणी कमी पडलेलं नाही, मुळं अजून ओढत नाहीयेत किंवा खाली सडतायत, त्यात अजून ओतून काय होणार. मी अशी कटिंग फक्त खिडकीपासून थोडी आत सरकवते आणि गप्प बसते.

मातीचं मिक्स साधंच, अंदाजे दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग परलाइट (पांढरे हलके खडे), मूठभर गांडूळखत. कोकोपीटची वीट भिजवून दोन-तीन पाण्यांतून धुवून घ्या, त्यात क्षार असतात. आपल्याकडची काळी माती यासाठी अजिबात नको, ओली असली की चिखल आणि वाळली की भेगा, त्या भेगांत नवी मुळं तुटतात. कुंड्या म्हणजे अर्ध्या किलोचे श्रीखंडाचे डबे, तळाला गरम स्क्रूड्रायव्हरने भोकं. मोठ्या कुंडीची घाई करू नका, एवढ्याशा मुळांना ती सगळी ओली माती संपवता येत नाही.

मॉन्स्टेराला वेगळी ट्रीटमेंट दिलीये. पान मोठं, मुळं दोनच आणि बाल्कनीत वारा, म्हणजे सगळं खोड हलत राहतं आणि नवी मुळं आतल्या आत तुटतात. म्हणून काठी रोवून सुतळीने सैल बांधलं आणि खोडावर फुटलेलं हवाई मूळ पण मातीत दाबलं. आता हळूच ओढून बघितलं तर धरून ठेवतंय, आणि नव्या पानाची गुंडाळी पण दिसायला लागलीये!!

चिलटं आलीच. पावसाळा आणि कोकोपीट म्हटल्यावर येणारच, वरच्या ओल्या थरात अंडी घालतात आणि अळ्या कोवळी मुळंही खातात. पिवळे चिकट कार्ड लावलेत, वर जाड वाळूचा पातळ थर दिलाय आणि पाणी खालच्या ताटलीतून देते, अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाकायचं. कुणीतरी निंबोळी पेंड सांगितली होती, तिच्यावर माझ्याकडे बुरशीच आली, या हवेत वरून पसरू नका.

खत अजून कशालाच नाही. सिंगोनियमला नवीन पान पूर्ण उघडलंय, त्याला पुढच्या आठवड्यात सीवीड (समुद्री शेवाळाचं खत) देईन, बाटलीवर लिहिलंय त्याच्या निम्म्या डोसने.

पाण्यात आता फक्त रबर प्लांट उरलाय. त्याच्या खोडावर पांढरे फुगीर ठिपके आलेत, घरचे म्हणतायत मुळं आली, पण ती मुळं नव्हेत, पाण्यात राहिल्यामुळे खोडावरची हवेची छिद्रं फुगलीयेत. गणपतीपर्यंत खरं मूळ दिसलं तर ठीक, नाहीतर खालचं टोक ताजं कापून सरळ कोकोपीट-परलाइटमध्ये खोचणार. कुणी पुण्यात पावसाळ्यात रबर पाण्यात लावून दाखवलाय का?