तिरक्या भिंतीचा हॉल

शनिवार, १२ जुलै २०२५

हॉल एकदाचा लागला. संध्याकाळी सगळे चहाला बसलो, तासभर गप्पा झाल्या आणि कमी ऐकू येणाऱ्या आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, एकदाही "काय म्हणालीस?" असं विचारलं नाही. हात भरून आलेत, तरी आज लिहायचंच आहे.

आमचा हॉल चौकोनी नाही. नारायण पेठेतल्या जुन्या वाड्याच्या जागेवर ही इमारत उभी राहिली, तेव्हा जागेची हद्द होती तशीच राहिली. दोन्ही बाजूंना शेजारच्या इमारती चिकटलेल्या, त्यातली एक बाजू तिरकी, आणि ती तिरकी हद्द थेट आमच्या हॉलच्या भिंतीत उतरली. दाराकडे रुंदी नऊ फूट, गल्लीकडच्या खिडकीपाशी तेरा फूट, लांबी सतरा. सरळ भिंतीत स्वयंपाकघराचं दार आणि बेडरूमकडे जाणारा पॅसेज. सलग मोकळी भिंत काय ती एकच, तिरकी. तिच्यातही मधेच नऊ इंच पुढे आलेला कॉलम.

अशा खोलीत सामान जसं लावलं जातं तसंच आमच्याकडेही लागलं होतं. मोकळ्या भिंतीला सोफा, पुढे दिवाण, समोर दोन दारांच्या मधे टीव्ही. खिडकीपाशी सासऱ्यांच्या घरचं सागवानी कपाट. आईंची खुर्ची दाराजवळच्या अरुंद टोकाला, कारण तिथे वारा लागत नाही. चालायला जागा होती, कुणी कशाला अडखळत नव्हतं. पण एस.टी. स्टँडच्या बाकावर बसतात तसे सगळे एका ओळीत, तोंड टीव्हीकडे.

आईंना गेल्या वर्षी श्रवणयंत्र लागलं. त्यांचं वय ब्याऐंशी. यंत्र लावलं की पहिल्यासारखं ऐकू येईल, अशी माझी समजूत होती. यंत्र बसवणाऱ्या बाईंनी नीट समजावलं. यंत्र आवाज मोठा करतं, पण सगळेच आवाज मोठे करतं. पंखा, कुकर, टीव्ही, गल्लीतला हॉर्न, सगळं एकदम कानात. शब्द त्यातून वेगळा काढायचं काम माणसालाच करावं लागतं, आणि त्यासाठी ऐकणारा बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघत असतो, त्याच्याही नकळत. म्हणून बोलणारा समोर हवा, चार-पाच फुटांत हवा, त्याच्या तोंडावर उजेड हवा आणि टीव्ही बंद हवा. त्या हे सांगत होत्या तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमचा हॉलच येत होता.

आईंनी मात्र तक्रार म्हणून कधीच काही काढलं नाही. एकदाच म्हणाल्या, "मला तुम्ही सगळे कडेने दिसता गं. तोंड दिसलं की शब्द आपसूक कळतो."

ते वाक्य डोक्यातून जाईना. खोली कशी दिसते हा प्रश्न तिथेच मागे पडला. आईंची जागा आधी ठरवायची, बाकीचं सामान तिच्याभोवती बसेल तसं बसवायचं, हे मी ठरवून टाकलं.

जागा ठरायला वेळ लागला नाही. खिडकी पाठीशी घेऊन बसायचं, म्हणजे उजेड समोर बसणाऱ्यांच्या तोंडावर पडतो. आपण सगळेच खिडकीकडे तोंड करून बसायला धावतो, बाहेरचं दिसावं म्हणून. ज्याला कमी ऐकू येतं त्याने उलटं बसावं. समोरचा खिडकीत पाठमोरा बसला की त्याचा चेहरा काळा पडतो आणि मग यंत्राचाही उपयोग नाही.

खरी अडचण सोफ्याची होती. तिरक्या भिंतीला टेकवला की तोही तिरका होतो, आणि मग टीपॉय, सतरंजी, खुर्च्या, सगळंच एकमेकांशी भांडायला लागतं. असं का होतं ते मला लेकीने दाखवलं. ती म्हणाली, "आई, फरशी बघ." आमच्या फरशा दोन बाय दोनच्या, सरळ भिंतीला धरून घातलेल्या. तिरक्या भिंतीपाशी त्यांचे तुकडे दाराकडे निमुळते होत गेलेत. म्हणजे खोलीत भिंतीखेरीज आणखी एक रेघ असते, ती जमिनीवरची, आणि डोळा तीच धरून चालतो. सामान फरशीच्या रेघांशी जुळलं की खोली सरळ वाटते, भिंत कशीही असो. हे मला फार मोलाचं वाटलं. अशा घरात राहणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन, की भिंतीच्या आधी फरशी बघा.

मग रद्दीतले पेपर जोडून सोफा, दिवाण, खुर्ची मापाने कापली आणि जमिनीवर मांडून बघितली. फरशा दोन फुटांच्या असल्यामुळे टेप सारखा लागतच नाही. पेपर पसरलेले असतानाच आम्ही सगळे पाण्याचा तांब्या घेऊन नेहमीसारखे येत-जात राहिलो. पेपरवर पाय पडला, की तिथे वाट आहे असं धरायचं.

आज नवऱ्याला सुट्टी होती, म्हणून उचलाउचल. आधी कपाट. रिकामं केलं, पायांखाली जुनी पोती घातली आणि इंच इंच सरकवत दाराच्या बाजूला नेलं. ते हललं आणि खिडकीचा अडलेला भाग मोकळा झाला. केवढा उजेड त्याने धरून ठेवला होता! कपाटाच्या खालच्या भागात हातभर उंचीपर्यंत पॉलिश गेलेलं आहे. तो पानशेतचा डाग. १९६१ साली आजच्याच तारखेला धरण फुटलं, मागोमाग खडकवासलाही फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. वाड्याचा पुढचा भाग पडला, मागची माडी राहिली, आणि माडीवर हे कपाट. सासऱ्यांनी ते पुन्हा पॉलिश करू दिलं नाही. आता दारातून आत येणाऱ्याला तो डाग पहिल्यांदा दिसेल. मला ते आवडलं.

आई त्या पुरानंतर काही वर्षांनी लग्न होऊन इथे आल्या. त्यामुळे पुराच्या गोष्टी त्यांच्याकडे सासूच्या तोंडच्या आहेत. पण वाडा त्यांनी भरपूर पाहिला. ओसरीवर कसे बसायचे ते आज त्यांनी सांगितलं. गाद्या-लोड पाहुण्यांपुरते, एरवी पाट नाहीतर नुसती घडी घातलेली घोंगडी. जिथे बोलणं तिथे बसणं. चौकातून वरून उजेड यायचा तो सगळ्यांच्या तोंडावर सारखा पडायचा. मला वाटतं, जड सामान आलं आणि माणसांना वळायची सोय गेली. पाट उचलून समोर मांडता येतो, सोफा नाही येत.

आता मांडणी अशी आहे: सरळ भिंतीला, पॅसेजच्या पलीकडे, दिवाण. त्याच्या समोर फरशीच्या रेघेवर सोफा, दोहोंत पाच फूट अंतर. मधे, खिडकीला पाठ करून आईंची खुर्ची. तिन्ही बाजूंची माणसं एकमेकांना दिसतात. आईंना उजव्या कानाने जास्त ऐकू येतं, म्हणून सोफा त्या बाजूला. काचा आणि फरशी यांच्यामुळे आवाज घुमायचा, म्हणून खाली जाड सतरंजी अंथरली. तिच्या कडा चिकटपट्टीने फरशीला धरल्या आहेत, आईंचा पाय अडकू नये म्हणून.

टीव्हीवरून वाद झालाच. तो तिरक्या भिंतीवर कॉलमच्या अलीकडे, फिरत्या स्टँडवर गेला. नवऱ्याचं म्हणणं, सोफ्यावरून मॅच नीट दिसत नाही. ते खरं आहे. दिवाणावरून दिसते, तिथे बसावं. चांगली जागा टीव्हीला द्यायची नाही, यावर मी ठाम राहिले.

सोफ्यामागे त्रिकोणी पोकळी उरली आहे, एका टोकाला तीन बोटं, खिडकीकडे दीड फुटाच्या वर. तिथे सोफ्याच्या पाठीएवढ्या उंचीचं, भिंतीच्या कोनात कापलेलं कपाट करून घ्यायचं. पाट, चौरंग, मखराचा खोका, सगळं त्यात जाईल. झाकण वरून उघडणारं हवं, म्हणजे सोफा ओढावा लागणार नाही. सुतारकाका सोमवारी माप घ्यायला येतायत.

गणपतीचं अजून ठरलेलं नाही. २७ ऑगस्टला चतुर्थी. लेकीला मखर खिडकीत हवं आहे, पण मग आईंची खुर्ची हलते आणि दहा दिवस घरात माणसांची वर्दळ असताना आईच पुन्हा कोपऱ्यात जातात. मी कॉलमजवळची जागा सुचवली आहे. टीव्ही तेवढे दिवस काढावा लागेल. नवऱ्याला उद्या सकाळी सांगेन.