गच्चीवरचा पर्जन्यमापक: ३.३ व्होल्टचा तिढा सुटला

मागील नोंदीत पर्जन्यमापकाच्या गच्चीवरच्या नोडकडून (मोजमाप रेडिओने खाली पाठवणाऱ्या बोर्डाकडून) येणारी माहितीची पाकिटे मध्येच गळतात, असे लिहिले होते. ती गळती आता थांबली असून तिचे मूळ त्यातल्या आर्डुइनो नॅनो या छोट्या बोर्डाच्या ३.३ व्होल्टच्या पिनमागे निघाले. आर्डुइनोचा ओरिजिनल बोर्ड घ्यावा की इतरांनी त्याच धर्तीवर बनवलेला स्वस्त कम्पॅटिबल, हा आपला नेहमीचा वाद या पिनपाशी आला की वेगळेच वळण घेतो, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

मांडणी पूर्वीचीच आहे. खालच्या खोलीत माहिती घेणारा ओरिजिनल ऊनो (आर्डुइनोचाच मोठा बोर्ड), वर पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून आणलेला कम्पॅटिबल नॅनो, आणि मध्ये आरसीसीचा स्लॅब असल्यामुळे दोन्हीकडे बाहेरच्या अँटेनाचे एनआरएफ२४ पीए-एलएनए (जादा शक्तीचे) रेडिओ मॉड्यूल. चक्रावून टाकणारी गोष्ट अशी की, पीए लेव्हल (प्रक्षेपणाची शक्ती) ‘मिन’वर ठेवली तर दोन्ही बोर्ड टेबलावर शेजारी ठेवून प्रत्येक पाकीट पोहोचत असे, आणि ‘मॅक्स’ केली की त्याच टेबलावर संपर्क तुटत असे. शक्ती वाढवावी तर पल्ला घटतो, हा प्रकार अँटेनाच्या माथी मारता येत नव्हता. चॅनेल बदलला, डेटा रेट २५० केबीपीएसवर आणला, रेडिओला बोर्डाशी जोडणाऱ्या एसपीआयच्या तारा आखूड केल्या, फरक शून्य. मल्टिमीटर तर शांतपणे ३.३ दाखवत होता.

धागा हाती लागला तो रेडिओच्या सेटिंग्ज छापणाऱ्या ‘प्रिंटडिटेल्स’ या फंक्शनमध्ये. नोड गप्प झाल्यावर रजिस्टरे (चिपमधल्या सेटिंग्जच्या जागा) छापली, तेव्हा मी दिलेल्या पत्त्याच्या जागी ई७ हा बाइट पाच वेळा ओळीने आला. हा चिपचा कारखान्यातला मूळ पत्ता आहे. म्हणजे प्रक्षेपणाच्या क्षणी व्होल्टेज इतके कोसळत होते की रेडिओ स्वतःच रीसेट होऊन कोरा होत होता, आणि नॅनोला त्याची गंधवार्ताही नव्हती. मित्राच्या ऑसिलोस्कोपवर तो खड्डा स्पष्ट दिसला. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे एवढा अल्पकाळचा खड्डा त्यात बुडून जातो.

आता पिनमागे काय आहे ते पाहू. नॅनोवर ३.३ व्होल्टसाठी स्वतंत्र रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर राखणारी चिप) नसतो. तो पुरवठा यूएसबी चिपच्या पोटातून येतो. ओरिजिनल क्लासिक नॅनोवर एफटी२३२आरएल ही यूएसबी चिप असते आणि तिची मर्यादा ५० मिलिअँपिअर आहे. स्वस्त नॅनोवर सीएच३४०जी असते. ५ व्होल्टवर चालताना तिच्या व्ही३ पिनला फक्त डिकपलिंग (चढउतार शोषणारा) कपॅसिटर जोडावा, असे डेटाशीट सांगते. बोर्ड बनवणारे तीच पिन खुशाल हेडरवर (बाहेरच्या पिनांच्या रांगेत) काढून देतात. साधे एनआरएफ२४ पूर्ण शक्तीला ११.३ मिलिअँपिअर घेते, ते कसेबसे निभावते. पीए-एलएनए मात्र प्रक्षेपणात ११५च्या आसपास ओढते. मित्राचा ओरिजिनल नॅनो लावून पाहिला, तर तो ‘हाय’वर टिकला आणि ‘मॅक्स’वर त्यानेही मान टाकली. खालचा ऊनो बिनतक्रार चालतो, कारण त्यावर १५० मिलिअँपिअरचा वेगळा एलपी२९८५ रेग्युलेटर आहे. म्हणजे महागडा नॅनो घेऊनही हा प्रश्न सुटला नसता.

उपाय अगदीच किरकोळ निघाला: नॅनोच्या ५ व्होल्टवरून एएमएस१११७ या रेग्युलेटरची अडॅप्टर पट्टी आणि मॉड्यूलच्या पायांशी १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. परवाच्या रात्रभराच्या पावसात पर्जन्यमापकाचे चिमुकले पात्र भरून कलंडले की मिटणाऱ्या रीड स्विचचा प्रत्येक टिप खाली मोजला गेला. सकाळी तो सलग आलेख पाहण्यात चहा निवला, पण त्याचे दुःख नाही.

कम्पॅटिबल बोर्डांबद्दल माझी तक्रार दुसरीच आहे. सीएच३४०जीला सिरियल नंबर नसतो, त्यामुळे असे दोन बोर्ड एकदम जोडले की लिनक्सवर पोर्टांची अदलाबदल होते. ओरिजिनल ऊनोला हा त्रास नाही. ओल्ड बूटलोडरचे दुखणे (प्रोग्रॅम चढवताना मेनूतून जुना बूटलोडर निवडावा लागतो) सर्वांना ठाऊक आहेच. उलट ओरिजिनल ऊनो आर३वर मुख्य चिपला ठोका देणारा सिरॅमिक रेझोनेटर असतो, तर माझ्या स्वस्त ऊनोवर ‘१६.०००’ कोरलेला, अधिक अचूक क्रिस्टल आहे. आरटीसीशिवाय (घड्याळाच्या वेगळ्या चिपशिवाय) वेळ राखायची असेल तर स्वस्ताचेच पारडे जड आहे.

पुढच्या टप्प्यात नोड सौर बॅटरीवर न्यायचा होता आणि त्यासाठी दोन ओरिजिनल नॅनो मागवण्याचा बेत होता. हे लिहिता लिहिताच तो बदलला. एएमएस१११७ रिकामा असतानाही सुमारे ५ मिलिअँपिअर खातो, त्यात यूएसबी चिप आणि पॉवर एलईडीची भर; मग यूएसबी गच्चीवर न्यायचीच कशाला? ३.३ व्होल्टचा, ८ मेगाहर्ट्झचा प्रो मिनी (यूएसबी नसलेला छोटा बोर्ड) घ्यावा. १६ मेगाहर्ट्झचा चालणार नाही, कारण ३.३ व्होल्टला त्यावरच्या ३२८पी या मुख्य चिपची मर्यादा साधारण १३ मेगाहर्ट्झ येते. आर्डुइनोने प्रो मिनी केव्हाच निवृत्त केला आहे, त्यामुळे या नोडपुरता वाद आपोआप मिटला: कम्पॅटिबलच घ्यावा लागेल. त्यावरचा एलईडी काढून रेडिओला एमसीपी१७०० हा रेग्युलेटर देईन. तो २५० मिलिअँपिअर देतो आणि स्वतः दोनेक मायक्रोअँपिअरच घेतो. शनिवारी तपकीर गल्लीत तो शोधतो. नाहीच मिळाला तर ऑनलाइन. पीए-एलएनए झोपेत किती खाते हे कुणी मोजले असेल तर आकडा जरूर कळवावा, कारण सौर पट्टीचा आकार त्यावरच ठरेल.