एवढे पैसे घालून सेशेल्सला पाहिलं तरी काय?

हा प्रश्न जळगावात मला सगळ्यांनी विचारून झालाय. भिशीतल्या बायकांनी, शेजारच्या काकूंनी, आणि सराफ बाजारात तर एकाने तोंडावरच सांगितलं की ताई, तेवढ्यात गळ्यातलं मस्त ठसठशीत झालं असतं. आता तुम्ही पण विचारलंत म्हणून लिहितेय. मी आणि माझी रावेरकडची मैत्रीण, दोघीच सेशेल्सला, म्हणजे हिंदी महासागरातल्या त्या बेटांच्या देशात, जाऊन आलो. नवरे घरी होते. (त्यावर वेगळे प्रश्न येतात, त्यांना मी उत्तर देत नाही.)

लांब म्हणाल तर मुंबईहून थेट विमानाने चार-साडेचार तास, जळगावहून रेल्वेने मुंबई गाठायलाच याहून जास्त वेळ जातो. महाग मात्र आहे, खोटं कशाला बोलू. त्यांचंही चलन रुपयाच, पण आपले सहाएक रुपये मोजले की त्यांचा एक येतो. पहिल्या दिवशी हॉटेलात एका डिशसमोर अडीचशे बघून मैत्रीण खुश, म्हणे काही महाग नाही गं, उगाच घाबरवतात लोकं, मग मी सहाने गुणून दाखवलं तर तिने मेन्यूकार्ड मिटलं आणि नुसतं पाणी मागवलं, आणि तेही विकतचंच निघालं. बेटं 115, पण माणसं सगळी मिळून लाख-सव्वा लाख, आणि तांदळासकट बहुतेक माल बाहेरून येतो, मग स्वस्त मिळणार कसं? नंतर आम्ही दुपारी टेकअवेचा डाळभात आणि रात्री गेस्टहाऊसच्या किचनमध्ये खिचडी असं धरलं.

बरं, पाहिलं काय? दगड पाहिले. हसू नका. ला डीग नावाचं छोटं बेट आहे, गाड्या अगदी मोजक्या, बाकी सगळे सायकलवर, आम्हीपण साडी-बिडी विसरून पंजाबी ड्रेसवर सायकली हाणल्या. तिथे आन्स सूर्स दार्जां नावाचा किनारा आहे, आत जायला वाटेतल्या इस्टेटचं, म्हणजे जुन्या नारळमळ्याचं, तिकीट पडतं, आणि वाळूत घराएवढे ग्रॅनाइटचे खडक, करडे, उन्हं कलली की गुलाबी दिसणारे. पावसाने वरून खाली अशा गुळगुळीत पन्हाळी पाडल्यात की अख्खा हात आत बसतो, मी बसवून बघितला. आपण अजिंठ्याचा काळा कातळ बघत वाढलेली माणसं. तो कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि साधारण त्याच सुमारास ही बेटं आपल्या भूभागापासून तुटली, आधी सगळं एकत्रच होतं. म्हणजे वाटणी होऊन लांब राहायला गेलेला भाऊच म्हणा. हे मैत्रिणीला सांगितलं तर म्हणते, मग नातेवाइकांना तिकीट कशाला?

दुसरं म्हणजे प्रालँ बेटावरचं व्हॅले द मे नावाचं ताडामाडांचं जंगल, 1983 पासून जागतिक वारसा. साधू-फकिरांच्या हातात ते काळं कमंडलू असतं ना, दर्याई नारळाचं, त्याची झाडं इथली. नर वेगळा, मादी वेगळी. नारळ पिकायला सहा-सात वर्षं, आणि एकेक वीस-वीस किलोचा. तिथे एक हातात घ्यायला ठेवलेला होता, मैत्रिणीने उचलला आणि लगेच खाली ठेवला. वारा आला की वरची पानं पत्र्यासारखी वाजतात, त्यात मान वर करून उभं राहायला जरा धाकधूक होते.

बाकी काही केलं नाही. स्कूबा नाही, बोटीच्या टूर नाहीत. खरं सांगू, पॉइंट बघायची सवय असेल तर जाऊच नका, पैसे पाण्यात जातील. आम्ही पाण्यात पाय सोडून बसायचो, अर्धा दिवस गप्पा, अर्धा दिवस त्याही नाही, आणि असं बसवेल अशी सोबत असेल तरच तो खर्च अंगाला लागतो.

कधी जायचं विचाराल तर एप्रिल. इथे बेचाळीस-त्रेचाळीस असतं तेव्हा तिथे तीस-एकतीस. मे ते ऑक्टोबर उलटा वारा असतो आणि ला डीगच्या त्या खडकांच्या किनाऱ्यावर शेवाळ साचतं. फक्त बाजारात केळीच्या मुलखातली, रावेरची बाई बरोबर नेऊ नका. आमची बाई केळ्याच्या फणीचा भाव ऐकून तिथेच हटून बसली, एकेक केळं दाबून बघत, की हा माल आमच्याकडे व्यापारी बांधावरून उचलणार पण नाही. विकणाऱ्या बाईला मराठी कळत नव्हतं, पण बहुतेक सगळं समजलं असावं, कारण शेवटी तिने दोन केळी वर टाकली.